पवनीत घराचं काम कंपनीला देताना

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत घर दुरुस्त करण्याची रीत बदलते आहे. पूर्वी घरधनी मिस्त्रीला बोलवायचा, सागवान स्वतः निवडून सुतारापुढे टाकायचा आणि सपरीत बसून काम करून घ्यायचा. सामान मालकाचं, हात कारागिराचे. आता मुलगा किंवा मुलगी नागपूर-पुण्यात नोकरीला असते. तिकडून मोबाइलवर एखादी इंटिरिअर कंपनी शोधली जाते, कंपनीचा माणूस येऊन टेपने मोजमाप घेतो आणि आठ-पंधरा दिवसांत थ्रीडी चित्रं हाती पडतात. त्या चित्रात आपलीच बैठक असते, पण ओळखू येत नाही. छताला लपवलेले दिवे, भिंतीला लाकडी पट्ट्या, स्वयंपाकघरात चकचकीत ट्रॉल्या. आई-वडील हरखतात, पहिला हप्ता जातो, काम सुरू होतं.

यात गैर काही नाही. मोठ्या शहरात ही सोय आधीच रुळली आहे. लिव्हस्पेस आणि होमलेन या बेंगळुरूत वाढलेल्या दोन्ही कंपन्या २०१४ मध्ये सुरू झाल्या, आणि आराखड्यापासून कपाटाच्या मुठीपर्यंत सगळं एका छताखाली देण्याची पद्धत त्यांच्यासारख्यांनी रूढ केली. आता नागपूरच्या लहान-मोठ्या कंपन्या त्याच धर्तीवर काम करतात आणि तालुक्याच्या गावांपर्यंत येतात. वैनगंगेची रेती नागपूरच्या इमारतींना जाते, आणि पवनीच्या घरांना नागपूरहून प्लाय, लॅमिनेट आणि कारागीर येतात. अंतर सुमारे ८० किलोमीटर.

पण या बदलात एक गोष्ट हातातून सुटते. मिस्त्रीच्या काळात सिमेंटची गोणी आणि लाकडाची फळी मालकाच्या डोळ्यांसमोर उतरायची. आता सामानही कंपनीचं आणि मजूरही कंपनीचे. मालक विकत घेतो ते फक्त वर्णन. म्हणून काम बिघडल्याचे अनुभव ऐकले की बहुतेक वेळा मूळ एकच सापडतं: चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं, वर्णन कोणी वाचलं नव्हतं. चित्रात मरीन प्लाय आणि पार्टिकल बोर्ड सारखेच दिसतात. चित्रात भिंतीची ओल दिसत नाही. चित्र हा कराराचा भाग आहे की नुसता नमुना, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

शिवाय समोर आलेला माणूस कोण, हेही नीट विचारायला हवं. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी फक्त कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्यालाच लावता येते. ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला मात्र अशी कायदेशीर नोंदणी नाही. ते कोणीही लावू शकतो. चांगलं शिक्षण घेतलेले, उत्तम काम करणारे डिझायनर पुष्कळ आहेत, आणि तीन महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स करून आलेलेही आहेत. दोघांच्या कार्डावर एकच शब्द असतो. ‘कंपनी’ या शब्दाचंही तसंच. पाटीवर कंपनी लिहिलेलं असलं तरी कागदोपत्री अनेकदा ती एका माणसाची फर्म असते. करार, पावती आणि जीएसटीचं बिल या तिन्हींवर एकच नाव आहे का, एवढं पाहिलं तरी पुढचा बराच घोळ टळतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं.

आता घराकडे वळू, कारण पवनीची अडचण इथे नागपूरच्या फ्लॅटपेक्षा वेगळी आहे. फ्लॅट म्हणजे सिमेंटच्या खांबांवर उभी चौकोनी पेटी. इंटिरिअर कंपन्यांची सगळी पद्धत त्या पेटीसाठी बेतलेली आहे. पवनीत मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेली जुनी घरं आहेत, विटांच्या भारवाही भिंतींवर स्लॅब टाकलेली घरं आहेत, आणि अलीकडची खांब-तुळयांची घरंही आहेत. कित्येक घरांत हे तिन्ही प्रकार एकामागे एक जोडलेले सापडतात: समोर नवी स्लॅबची खोली, मध्ये मातीचं माजघर, मागे न्हाणी आणि आंगण. कंपनीचा आराखडा या तिन्ही भागांना एकाच पट्टीने मोजतो. तिथे पहिली चूक होते.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि दोन्ही बाजूंनी हवेत सोडते. शेणामातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल निघून जाते. त्याच भिंतीला सिमेंटचं प्लास्टर, वर पुट्टी, त्यावर प्लॅस्टिक रंग किंवा लॅमिनेटचं पॅनेल लावलं की ओल आत अडकते. पहिल्या पावसाळ्यात खालच्या दोन-तीन फुटांत फुगे येतात, पांढरा खार सुटतो, आणि पॅनेलमागे बुरशी धरते. कंपनी म्हणते भिंत खराब होती, मालक म्हणतो काम खराब झालं. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा द्यावा, किंवा पॅनेल लावायचंच असेल तर भिंतीपासून अंतर सोडून, वर-खाली हवा खेळती ठेवून लावावं. भिंतीच्या पायथ्याशी साचणारं पाणी आधी काढून द्यावं. कवेलूची वळचण पाणी कुठे टाकते हे पाहणं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं.

विणकरांच्या घरांची आणखी एक गोष्ट आहे. पवनीत हातमागाचा व्यवसाय जुना. ज्या खोलीत खड्ड्याचा माग होता, तिथे विणकराचे पाय सोडायला जमिनीत खड्डा असायचा. माग बंद पडला की तो खड्डा मलबा टाकून बुजवला जातो आणि ती खोली मुलांची बेडरूम होते. मलबा नुसता ओतून वर काँक्रीट आणि टाइल बसवली तर वर्षभरात तेवढाच तुकडा खचतो. टाइलवर बोटाच्या पेराने ठोकलं की तिथे पोकळ आवाज येतो आणि बाजूला भरीव. खड्डा मुरुमाने सहा-सहा इंचांच्या थरांत भरून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा लागतो. बेंगळुरूच्या किंवा नागपूरच्या डिझायनरला हा खड्डा माहीत असण्याचं कारण नाही. तो घरच्यांनीच सांगायला हवा, आणि अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ हवी.

सगळ्यात गंभीर गोष्ट भिंत पाडण्याची. मोकळं स्वयंपाकघर चित्रात सुंदर दिसतं. पण मातीच्या किंवा विटांच्या भारवाही घरात ती भिंत छताचं ओझं पेलत असते. फ्लॅटमध्ये खांबांमधली साडेचार इंची भिंत काढली तर बहुधा काही होत नाही. भारवाही घरातली नऊ इंची भिंत काढली तर वरचा स्लॅब तडकतो किंवा खाली येतो. भिंत पाडायची, दार रुंद करायचं, मातीच्या भिंतीवर नवं वजन टाकायचं, यांपैकी काहीही करायचं असेल तर इंटिरिअर कंपनीचा शब्द पुरेसा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर पाहून, सहीनिशी लिहून दिलं पाहिजे. त्याची फी पूर्ण कामाच्या मानाने फार थोडी असते. या एका बाबतीत मी कसलीही तडजोड सुचवणार नाही.

जुन्यावर नवं चढवणं पवनीला नवं नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या उत्खननात निघालेला बौद्ध स्तूप एका दमात बांधलेला नव्हता, तो टप्प्याटप्प्याने वाढवलेला होता. दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांच्या नोंदी कोरलेल्या सापडल्या. दोन हजार वर्षांपूर्वीही या गावात बांधकामाला कोणी काय दिलं ते लिहून ठेवलं जात होतं. आजच्या घरमालकाने निदान कागदावर तरी ते लिहून घ्यावं.

तर अंदाजपत्रक. यात फसगत होते ती मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीत. एक साधं उदाहरण घेऊ. समजा १० फूट रुंद, ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाट करायचं आहे. एक कंपनी समोरचं क्षेत्रफळ मोजते: ७० चौरस फूट, दर १,४०० रुपये, एकूण ९८,००० रुपये. दुसरी म्हणते आमचा दर फक्त ४०० रुपये. पण ती कपाटात लागणारी प्रत्येक फळी मोजते. पाठ ७०, पल्ले ७०, वर-खालच्या फळ्या ४०, चार उभ्या फळ्या ५६, आणि तीन ओळी कप्प्यांच्या ६०. बेरीज २९६ चौरस फूट. चारशेने गुणलं की १,१८,४०० रुपये. दर निम्म्याहूनही कमी, कपाट वीस हजारांनी महाग. दोन्ही पद्धती रूढ आहेत, दोन्ही प्रामाणिक असू शकतात. कोणती लावली आहे ते लिहिलेलं नसेल तर मात्र दोन कोटेशनांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. रंगाचंही तसंच, फॉल्स सीलिंगचंही. सीलिंग सपाट मोजायचं की त्याच्या खाली उतरणाऱ्या कडाही धरायच्या, यावरून रक्कम बरीच हलते. स्वयंपाकघर अनेक ठिकाणी रनिंग फुटाने मोजतात; तिथे खालची आणि वरची कपाटं वेगळी धरली आहेत का, हे विचारावं.

मग येतात कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टी. जुनं तोडणं, मलबा उचलणं, नागपूरहून वाहतूक, कारागिरांची राहण्याची सोय, ओटा आणि सिंक, नळ, दिवे, आणि जीएसटी. अशा कामांवर जीएसटी साधारणपणे १८ टक्के लागतो. म्हणजे ८ लाखांचं कोटेशन करासह ९ लाख ४४ हजारांचं होतं. “बिल नको असेल तर कर नको” असं सांगणारे भेटतात. हा मोह टाळावा. बिल नाही म्हणजे कराराचा पुरावा नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात नुसती चित्रं उरतात.

सामानाचं वर्णन किती बारीक असावं? ‘उत्तम प्रतीचा प्लाय’ हे वर्णन नव्हे. भारतीय मानकांत (आयएस) प्लायला आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जा असतो, जो ७२ तासांच्या उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरावा लागतो. साधा एमआर दर्जाचा प्लाय आयएस ३०३ खाली येतो. तो दमट हवेपुरता ठीक, पाण्यापुढे नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली, न्हाणीला लागून असलेल्या भिंतीला आणि बाथरूमच्या दाराला आयएस ७१० च हवा. बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतो, आणि पैसे वाचवायचे तर तिथे वाचवावेत. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ वाईट असतात असं नाही. कोरड्या जागी, कडा नीट बंद केलेल्या असतील तर ते वर्षानुवर्षं टिकतात. पण आपल्याकडच्या जून-सप्टेंबरच्या दमट हवेत, खालची कड उघडी राहिलेली एमडीएफची फळी पाणी शोषून फुगते, आणि एकदा फुगली की पुन्हा बसत नाही.

प्लाय आला की तो उतरवतानाच पाहावा. आठ बाय चारचा पत्रा उभा धरून त्याची कड निरखायची. थर सरळ, सारख्या जाडीचे असावेत. मध्ये काळी पोकळी, एकावर एक चढलेले थर किंवा पुट्टीने बुजवलेल्या जागा दिसल्या तर तो पत्रा बाजूला काढायचा. पत्र्यावर आयएसआयचं चिन्ह, त्याच्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या कारखान्याला दिला आहे आणि चालू आहे की नाही हे दिसतं. याला दोन मिनिटं लागतात. त्याच वेळी पत्र्यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण लॅमिनेट चढल्यावर आत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. कपाटं कारखान्यातूनच तयार होऊन येत असतील तर उरलेला एक तुकडा मागून घ्यावा. घरी पाण्यात काही तास उकळला तरी मरीनच्या नावाखाली आलेला साधा प्लाय थर सोडू लागतो.

वाळवीचं काम प्लाय येण्याच्या आधी व्हायला हवं. जुन्या घरांसाठी आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिली आहे: जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे सुमारे एक-एक फुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत औषध सोडायचं आणि भोकं बुजवायची. कंपन्यांच्या वॉरंटीतून वाळवी आणि पाण्याचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. जाहिरातीत ‘१० वर्षांची वॉरंटी’ मोठ्या अक्षरात दिसते, पण ती कारखान्यात बनलेल्या लाकडी कामापुरती. घरी येऊन केलेल्या रंग, टाइल, सीलिंगला बहुतेक ठिकाणी वर्षभराचीच हमी. आपल्या गावात घराला त्रास देणाऱ्या मुख्य दोन गोष्टी ओल आणि वाळवी, आणि नेमक्या त्याच वॉरंटीबाहेर. म्हणून त्यांची व्यवस्था आपणच आधी करून घ्यायची.

जे भिंतीत आणि फरशीखाली गाडलं जातं, ते तर दुसऱ्यांदा पाहताच येत नाही. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, साध्या प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची. अर्थिंग खरोखर जमिनीत उतरलं आहे का, आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, हे विचारावं. तो जीव वाचवतो, नुसता फ्यूज वाचवत नाही. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, फोटो काढावेत. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात. न्हाणी घरात आणली जात असेल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल बसण्याआधी, निचऱ्याचं तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवावं आणि खालच्या-बाजूच्या भिंती पाहाव्यात. कारागीर घाई करतील, कारण त्यांना परत नागपूर गाठायचं असतं. या दोन-तीन दिवसांसाठी वाद घालावा लागला तरी घालावा.

नदीकाठच्या घरांना आणखी एक विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातला पाऊस आणि तिथल्या संजय सरोवर धरणाचा विसर्ग यांमुळे वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा जिल्ह्यात नदीकाठी हाहाकार उडाला. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरणही आहे. ज्या घरात तेव्हा पाणी शिरलं, तिथे जमिनीपर्यंत प्लायची कपाटं करणं म्हणजे जाणूनबुजून पैसे पाण्यात घालणं. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या जाळ्या, कपाटांना सहा इंचांचे स्टीलचे पाय, भिंतीला खालचे तीन-चार फूट टाइल, आणि विजेचे प्लग नेहमीपेक्षा उंचावर. चित्रात हे कमी आकर्षक दिसेल. पूर ओसरल्यावर असं घर धुऊन पुसून वापरात येतं.

आता पैशाचं. अनेक मॉड्युलर कंपन्यांचे हप्ते १०, ५० आणि ४० टक्के, किंवा त्याच्या आसपास असतात. पहिला नोंदणीला, दुसरा उत्पादन सुरू करताना, तिसरा माल कारखान्यातून निघण्याआधी. ८ लाखांच्या कामात म्हणजे ८०,०००, मग ४ लाख, मग ३ लाख २० हजार. ट्रक नागपूरहून पवनीकडे निघतो तेव्हा आपले सगळे पैसे गेलेले असतात आणि घरात एक स्क्रूही लागलेला नसतो. त्यानंतर एखादा पल्ला तिरका बसला, एक ट्रॉली आलीच नाही, तर कंपनीच्या माणसाने ८० किलोमीटर यावं यासाठी आपल्या हातात काही उरत नाही. शहरात दुसऱ्याच गल्लीत त्यांचं दुसरं काम चालू असतं, तो सहज डोकावतो. इथे त्याला फक्त आपल्यासाठी यावं लागतं. तालुक्याच्या गावातल्या घरमालकांचा सगळ्यात सामाईक अनुभव हाच आहे: काम ९० टक्के वेळेत होतं आणि उरलेले १० टक्के महिनोन्‌महिने लोंबकळतात.

म्हणून शेवटची रक्कम हातात ठेवणं इथे शहरापेक्षाही जरुरीचं. नोंदणीला १०, उत्पादनाला ४०, माल घरी उतरून मोजून झाल्यावर ३५, सगळं बसवून झाल्यावर १०, आणि उरलेले ५ टक्के पहिला पावसाळा गेल्यावर, अशी वाटणी मागून पाहावी. मोठ्या कंपन्या छापील करार बदलायला तयार होत नाहीत. नागपूरच्या मध्यम कंपन्या बऱ्याचदा होतात. तयार नसेल तर त्या कंपनीकडून फक्त स्वयंपाकघर करून घ्यावं आणि बाकी काम गावातल्या मिस्त्री-सुताराला द्यावं, असं माझं मत आहे. गावातला सुतार दुसऱ्या दिवशी सायकलवर येऊन बिजागरी घट्ट करून जातो.

कंपन्यांचीही बाजू आहे आणि ती ऐकायला हवी. आपल्या मापाने कापलेलं कपाट दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, म्हणून ते आगाऊ मागतात. घरमालक काम अर्ध्यावर आल्यावर रंग बदलतात, मामा येऊन देवघराची दिशा बदलायला लावतात, टाइल निवडायला तीन आठवडे लावतात, आणि उशीर झाला की कंपनीला बोल लावतात. बदल करायचा तर तो लिहून, त्याची किंमत आणि वाढणारे दिवस ठरवून करावा. व्हॉट्सॲपवर का होईना, “हो, मान्य” असं दोन्हीकडून असावं. आणि सगळे निर्णय कोण घेणार, पुण्यातला मुलगा की पवनीतले बाबा, हे पहिल्याच दिवशी ठरवून कंपनीला सांगावं. दोन तोंडांनी दोन हुकूम गेले की कारागीर सोयीचा तो ऐकतो.

परवानगीचा भाग थोडक्यात. पवनी नगर परिषदेच्या हद्दीत राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे २०२० ची यूडीसीपीआर, लागू आहे. रंग, प्लास्टर, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगीची गरज पडत नाही. रचना, उंची किंवा बांधीव क्षेत्र बदलत असेल तर पडते. काम काढण्याआधी नगर परिषदेच्या बांधकाम विभागात विचारून घ्यावं. दुसरं असं की केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार या पट्ट्यांत घराच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते. पवनीसारख्या पुरातन गावात घर टेकड्यांच्या किंवा परकोटाच्या आसपास असेल तर पुरातत्त्व विभागाकडे चौकशी केल्याशिवाय कुदळ मारू नये. ही जबाबदारी करारात कोणावर टाकली आहे तेही वाचावं. बहुधा ती मालकावरच असते.

इतकं करूनही काम बिघडलं तर? महारेराकडे जाण्यात अर्थ नाही. रेराचा कायदा विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे, स्वतःच्या घराच्या नूतनीकरणासाठी नाही. रस्ता ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही सेवा आहे आणि तीत कसूर झाली तर ग्राहक दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ मध्ये स्पष्ट केलं. ज्याने पैसे दिले तो ग्राहक आणि त्याच्या संमतीने जो सेवेचा लाभ घेतो तोही ग्राहक. म्हणजे पैसे पुण्याहून मुलाने भरले असले तरी पवनीत राहणारे वडील तक्रारदार होऊ शकतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, लहान गावातल्या माणसाला एक मोठी सोय दिली. आता तक्रार कंपनीच्या गावी नव्हे, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. पवनीकराला त्यासाठी बेंगळुरू तर सोडाच, नागपूरलाही जावं लागत नाही. भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. वाद लवादाकडेच न्यावा असं करारात छापलेलं असतं, आणि ते वाचून बरेच जण हात टेकतात. पण लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये कायम केलं आहे.

आधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी, ईमेलने आणि पोस्टानेही. दोष एकेक करून, फोटोंसह, तारखांसह लिहावेत आणि दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यावी. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथल्या मध्यस्थीने काही प्रकरणं आयोगापर्यंत न जाताच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा आयोग. तिथे दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं चालतात, म्हणजे घरदुरुस्तीचं जवळपास प्रत्येक काम त्यात बसतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील लावणं सक्तीचं नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. कायद्यात निकालाला तीन महिने, आणि सामानाची तपासणी लागली तर पाच महिने, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवावी. तक्रार करण्याची मुदत मात्र ठरलेली आहे: कारण घडल्यापासून २ वर्षं. तोपर्यंत करार, जीएसटीचं बिल, हप्त्यांच्या पावत्या, प्लायचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यातलं काहीही टाकू किंवा पुसू नका.